पद्मिनीचा हँडगिअर ढिला झालाय? बुश बदलण्याची पहिली खेप

मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनीतून फिरलेल्या माणसाने हा प्रकार एकदा तरी पाहिला असेल. सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न वाजवू लागतात, पण टॅक्सी जागची हलत नाही. ड्रायव्हर शांतपणे उतरतो, बॉनेट उघडतो, आत हात घालून कशाला तरी एक हिसका देतो, बॉनेट आपटून परत येऊन बसतो. गिअर पडतो. तो हिसका गिअरबॉक्सला नसायचा. स्टिअरिंगच्या कॉलमपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या रॉडना असायचा. त्या रॉडच्या सांध्यांत बसवलेले बुश, म्हणजे छोट्या नळकांड्या, झिजून संपलेले असायचे आणि लिंकेज, म्हणजे रॉडची ही सगळी जोडणी, दोन गिअरच्या मधोमध अडकून बसलेलं असायचं.

शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता ज्या पद्मिनी उरल्यात त्या हौशी लोकांकडे, नाहीतर आजोबांच्या गॅरेजात ताडपत्रीखाली. टॅक्सीवाल्याला दर नाक्यावर मेकॅनिक होता. तुम्हाला तो नाही, म्हणून हा लेख.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली १९६४ची फियाट ११०० डी, नंतरची प्रेसिडेंट आणि १९७४पासूनची पद्मिनी, या सगळ्यांना मिळून हे लिहितो आहे. त्याआधीच्या गोलमटोल 'डुक्कर फियाट'चे सुटे भाग वेगळे, पण तत्त्व तेच. शेवटच्या काळातल्या काही गाड्यांत गिअर खाली फ्लोअरवर आला. त्यांनी इथेच रजा घ्यावी.

आधी यंत्र समजून घ्या

स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याला, म्हणजेच हँडगिअरला, दोन कामं असतात. एक, कोणत्या जोडीतला गिअर हवा ते निवडणं. दोन, तो गिअर प्रत्यक्ष टाकणं. दांडा तुम्ही स्वतःकडे ओढता किंवा पलीकडे ढकलता, तेव्हा कॉलमलगतचा शाफ्ट आपल्या लांबीत सरकतो. ही निवड. दांडा वर-खाली करता तेव्हा तोच शाफ्ट स्वतःभोवती थोडा फिरतो आणि गिअर पडतो. या दोन हालचाली शाफ्टच्या खालच्या टोकाला असलेल्या छोट्या आर्ममधून रॉडना मिळतात आणि रॉड त्या गिअरबॉक्सपर्यंत नेतात. जिथे आर्म आणि रॉड भेटतात तिथे एक पिन असते, आणि पिन व भोक यांच्यामध्ये बुश.

आता हिशेब बघा. समजा खालचा आर्म ५ सेंटीमीटरचा आहे आणि तुमच्या हातातला दांडा २५ सेंटीमीटरचा. एका बुशात १ मिलिमीटर ढिलाई आली की हाताला ती ५ मिलिमीटर जाणवते. असे चार सांधे झिजले की दांडा २ सेंटीमीटर नुसताच हवेत फिरतो. प्रत्येक सांधा बघितला तर 'थोडासाच तर हलतोय' असं वाटतं आणि सगळे मिळून गिअर पडू देत नाहीत. म्हणून एकच बुश बदलून थांबू नका. मी पहिल्या वेळी तेच केलं होतं. सगळ्यात वाईट दिसणारा एक बुश बदलला, बाकीचे 'चालतील' म्हणून ठेवले. आठवड्याभरात पुन्हा गाडीखाली आडवा, तोच शर्ट, तीच चटई.

दुखणं नक्की बुशचंच आहे का?

या पायरीला घाई केलीत तर आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला अशी गत होईल. गिअर नीट पडत नाही याची कारणं चार-पाच असू शकतात आणि बुश त्यातलं एक.

पहिल्या गिअरची तक्रार वेगळी काढा. या गाड्यांच्या गिअरबॉक्सात पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (फिरत्या दातांचा वेग जुळवून देणारी रचना) नाही. गाडी चालत असताना पहिला टाकला तर करकर होणारच. त्याला बुश काय करणार? गाडी पूर्ण थांबवून मग टाका. आवाज गेला तर ती गाडीची रीत आहे, बिघाड नाही.

मग क्लच. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण सुरू केल्यावर एकही धड पडत नाही, रिव्हर्सला तर कर्कश ओरडतो, असं असेल तर क्लच पुरता सुटत नाहीये. लिंकेजला हात लावायच्या आधी तो बघा. उलट इंजिन बंद असतानाही दांडा अडखळत असेल, गिअर शोधावा लागत असेल, तर संशय लिंकेजवर.

तिसरी गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही, ती इंजिनाच्या माउंटिंगची. कॉलम बॉडीला बोल्टने घट्ट आहे, गिअरबॉक्स मात्र इंजिनासोबत रबरी माउंटिंगवर बसलेला आहे. रबर फाटलं की क्लच सोडताना इंजिन डुलतं आणि त्याबरोबर गिअरबॉक्सही. कॉलम जागेवर, गिअरबॉक्स हललेला. मधले रॉड ओढले जातात आणि गिअर सटकतो. नवे कोरे बुश घालूनही 'सेकंड सुटतो' अशी तक्रार राहिली तर माउंटिंग बघा. ओळखायची खूण सोपी आहे. बॉनेट उघडं ठेवून कोणाला तरी इंजिन चालू-बंद करायला सांगा. बंद होताना इंजिन नाजूकपणे थरथरून थांबलं तर ठीक, गदागदा हललं तर माउंटिंग गेलं.

हे सगळं तपासून झालं की खरी परीक्षा. त्यासाठी दोन माणसं लागतात. इंजिन बंद. एक जण आत बसून दांडा हळूहळू, अगदी थोडा थोडा हलवतो. दुसरा बॉनेटमधून आणि खालून सांध्यांकडे बघतो. नुसतं बघण्यापेक्षा बोट लावा. अर्धं बोट आर्मवर, अर्धं रॉडवर. दोन्ही एकदम हलले तर सांधा चांगला. एक हलला आणि दुसरा थोड्या वेळाने निघाला, तर बुश गेलाय. डोळ्याला न दिसणारा अर्धा मिलिमीटर बोटाला कळतो. जो सांधा सापडेल त्यावर खडूने खूण करा. मग शाफ्टच्या खालच्या आधारालाही धरून हलवून बघा. तिथला बुश झिजला असेल तर शाफ्टच डुलतो, आणि रॉडचे सगळे बुश बदलूनही निम्मंच सुख मिळतं.

आतल्या माणसाला आधीच बजावा: 'मी सांगितल्याशिवाय दांडा हलवायचा नाही.' बोटं तुमची आहेत.

काय काय हाताशी हवं

पाने, पक्कड, तारेचा ब्रश, रॉकेल, एक व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन), व्हाइस, दोन-तीन मापांची सॉकेट, नव्या स्प्लिट पिन (सांधा अडकवून ठेवणाऱ्या दोन पायांच्या पिना), ग्रीस, पांढरा रंग किंवा नेलपॉलिश आणि जुनी बनियन. व्हर्निअर नसेल तर उसनं आणा, पण त्याच्याशिवाय हे काम करू नका.

बुश तीन ठिकाणी मिळू शकतात. जुन्या फियाटचे सुटे भाग ठेवणारे दुकानदार मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला आणि पुण्यात नाना पेठेत धुंडाळावे लागतील. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भंगारातल्या गाड्यांचे भाग मिळतात, पण भंगारातून बुश आणायचा नाही. तोही तितकाच झिजलेला असणार. तिथून आणायचा तर आर्म किंवा रॉड आणा. तिसरा मार्ग म्हणजे लेथवाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही टर्नरकडे जुना बुश आणि पिन दोन्ही घेऊन जा. नुसता बुश नेलात तर तो झिजलेल्या बुशाचं माप घेऊन झिजलेलाच नवा बनवून देईल. त्यात त्याची चूक नाही.

पितळ, नायलॉन की रबर?

गाडीशी गाठ असलेल्या चार लोकांत हा विषय काढा आणि गंमत बघा. प्रत्येक जण म्हणणार, 'पितळी टाका, जन्मभर बघायला नको.' माझं मत वेगळं आहे. बुश झिजण्यासाठीच असतो. पिन वाचावी म्हणून तो मध्ये बसवलेला असतो. तुम्ही ग्रीस घालायला विसरलात, धूळ आत गेली, की पितळी बुश पिनेला खायला लागतो. बुश किरकोळ आहे, पिन आर्मला जडवलेली असते. आणि पितळी सांधा थोडा जरी ढिला झाला की खडखड करतो. महिन्या-दोन महिन्यांनी गाडीखाली जाऊन ग्रीस घालणारा तुमचा स्वभाव असेल तर पितळ किंवा गनमेटल घाला. नसेल तर नको.

नायलॉन मऊ, आवाज न करणारं आणि टर्नरला सोपं. फक्त ते हवेतला ओलावा पितं आणि जरासं फुगतं. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला बुश कोकणातल्या पावसाळ्यात पिनेला आवळून धरतो. डेलरिन हे त्याच जातीचं प्लास्टिक, पण ओलावा फार कमी घेतं. मिळालं तर मी तेच घेतो. रबर सगळ्यात शांत, पण या गाडीत खाली तेल ठिबकत असतंच, आणि तेलात रबर फुगून पिठूळ होतं. मूळ जागी रबर असेल आणि तुम्हाला गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवायची असेल तर रबरच घाला. फक्त त्याला साधं ग्रीस लावू नका. बसवताना साबणाचं पाणी पुरतं.

उघडताना

गाडी सपाट जमिनीवर. चारही चाकांना लाकडी पाचर. हँडब्रेकवर भरवसा नको, आणि 'गिअरमध्ये टाकून ठेवली आहे' हा आधार तर या कामात मुळीच नाही, कारण तुम्ही गिअरच सोडवणार आहात. खाली शिरायचं असेल तर पुढचा भाग घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घ्या, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. बॅटरीची अर्थची वायर काढा. इंजिन गार होऊ द्या, सायलेन्सरचा पाइप जवळच असतो.

गिअर न्यूट्रलमध्ये आणा. मग काही काढायच्या आधी फोनवर फोटो घ्या, प्रत्येक सांध्याचे दोन बाजूंनी. फोटोत सगळं काळं दिसतं, म्हणून आधी रॉकेल आणि ब्रशने घासून घ्या. वर्षानुवर्षांचं तेल आणि माती निघाली की तुम्हाला कळेल की ज्याला तुम्ही बुश समजत होता तो नुसता चिखल होता. (मला एका सांध्यात बुशाऐवजी गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी सापडली. कोणी तरी वेळ मारून नेली होती, आणि ती किती वर्षं चालली देव जाणे.)

आता नेलपॉलिशच्या खुणा. प्रत्येक रॉडची कोणती बाजू वर आहे, कोणतं टोक पुढे आहे, ते ठिपक्यांनी लिहून ठेवा: पहिल्या सांध्याला एक ठिपका, दुसऱ्याला दोन. ज्या रॉडची लांबी आट्यांनी कमी-जास्त होते, तिथे लॉकनटच्या (टोक जागेवर आवळून धरणाऱ्या नटच्या) बाहेर किती आटे दिसतात ते मोजा आणि दोन्ही टोकांच्या भोकांचं मध्य ते मध्य अंतरही व्हर्निअरने घ्या. कागदावर लिहा. हे एक माप हरवलं तर पुढचा अख्खा दिवस अंदाजपंचे जातो.

स्प्लिट पिन सरळ करून पकडीने ओढा. तुटली तरी चालेल, जुनी परत वापरायची नाहीच. तिच्यामागे वॉशर असतात, कधी एक साधा, कधी सोबत एक लाटदार. ते ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. लाटदार वॉशर सांध्याची खडखड दाबून धरतो. तो चुकून दुसऱ्या बाजूला गेला तर सगळं घट्ट असूनही आवाज येत राहतो.

रॉड सुटले की थांबा. आता गिअरबॉक्सच्या अंगचे आर्म हाताने हलवून बघा. एक निवडीचा, एक टाकायचा. प्रत्येक गिअरला ते स्वच्छ 'टक्' करून बसले पाहिजेत. बसत असतील तर अभिनंदन, गिअरबॉक्स निर्दोष आहे आणि तुमचं निदान बरोबर. हाताने हलवूनही अडत असतील तर दुखणं आत आहे आणि बुश बदलून ते जाणार नाही. तिथे जाणकार माणूस बोलवा.

जुना बुश काढणं, आणि पिनेचा निवाडा

रबर ब्लेडने कापून निघतं. नायलॉनला बारीक करवतीने आतून एक चीर द्या, आकसून बाहेर येतो. पितळी बुश व्हाइसमध्ये दोन सॉकेटच्या मदतीने दाबून काढायचा: एका बाजूला बुशापेक्षा किंचित लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल असं मोठं. व्हाइस आवळत गेलं की बुश मोठ्या सॉकेटात उतरतो. हातोडीचा मोह आवरा. आर्मचं भोक पातळ पत्र्यासारखं असतं, एका फटक्यात वाकडं होतं.

आता पिन पुसा आणि व्हर्निअरने मोजा. एकदा ज्या दिशेने रॉड ओढतो त्या दिशेने, एकदा त्याच्या काटकोनात. मग जिथे बुश कधीच पोहोचत नव्हता अशा मुळाजवळच्या भागावर. हे तिसरं माप म्हणजे पिनेचं मूळ माप. तिन्ही आकडे ०.१ मिलिमीटरच्या आत असतील तर पिन चांगली. दोन दिशांत ०.३ किंवा जास्त फरक असेल तर पिन अंडाकृती झाली आहे. अशा पिनेवर नवा बुश बसवला तर तो एका दिशेला घट्ट आणि दुसऱ्या दिशेला ढिला राहणार, आणि तुम्ही म्हणणार की बुशच हलका निघाला. नव्वद टक्के फसलेली कामं इथे फसतात असं मी शपथेवर सांगणार नाही, पण माझी फसलेली दोन्ही इथेच फसली.

अंडाकृती पिनेला दोन उपाय. आर्म सुटत असेल तर टर्नरकडून पिन गोल होईपर्यंत हलकासा कट मारून घ्या आणि तिच्या नव्या मापाचा बुश करा. किंवा वेल्डिंगने भरून मूळ मापाला आणा. पहिला उपाय स्वस्त आणि सरळ, फक्त पिन फार बारीक होऊ देऊ नका. भोकाचंही तसंच. ते वाटोळं नसेल तर रीमरने (भोक गोल करणाऱ्या हत्याराने) साफ करून थोडा जाड बुश करून घ्या.

टर्नरला काय सांगायचं? बुश बाहेरून भोकापेक्षा साधारण ०.०५ मिलिमीटर मोठा, म्हणजे दाबून बसेल. आतून पिनेपेक्षा पितळाला ०.०५ ते ०.१ आणि नायलॉनला ०.१५पर्यंत मोठा. एक गोष्ट आठवणीने सांगा: दाबून बसवल्यावर बुशाचं आतलं भोक आकसतं. म्हणून आतलं शेवटचं माप बुश आर्ममध्ये बसवल्यानंतर रीमरने काढायचं. तयार बुश हातात पिनेवर झकास फिरला आणि आर्ममध्ये बसवल्यावर जाईचना, तर घाबरू नका. याचंच हे कारण.

बसवताना

नायलॉनचा बुश कडकडीत पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवला की नरम येतो आणि अंगठ्याने बसतो. पितळी पुन्हा व्हाइस आणि सॉकेटने, सुरुवात अगदी सरळ झाली पाहिजे. तिरका धरला वाटलं की लगेच थांबा, मागे घ्या, परत सरळ करा. भोकाची कड कानशीने हलकी मोडून घेतली तर काम सोपं होतं.

पिनेला बोटभर ग्रीस (रबर सोडून), रॉड चढवा, वॉशर तारेतल्या क्रमाने, नवी स्प्लिट पिन. तिचा एक पाय पिनेच्या टोकावरून वळवा, दुसरा कापून बाजूला दाबा. टोक मोकळं ठेवलंत तर पुढच्या वेळी तेच तुमच्या मनगटात शिरेल.

आता जुळवणी. गिअरबॉक्सचा आर्म न्यूट्रलमध्ये, वरचा दांडाही न्यूट्रलमध्ये, आणि शेवटच्या रॉडचं शेवटचं टोक अजून मोकळं. ते टोक पिनेवर आपोआप, न ओढता, न ढकलता बसलं पाहिजे. बसत नसेल तर लॉकनट सैल करून टोक अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने फिरवा. मघाशी लिहिलेलं माप इथे कामाला येतं, पण ते फक्त सुरुवात म्हणून. ते झिजलेल्या बुशांसोबतचं माप होतं, आणि कोणा जुन्या मेकॅनिकने झीज झाकायला रॉडची लांबी वाढवली असण्याची शक्यता दाट. लॉकनट आवळताना रॉड दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर टोक पिळवटून बुशावर तिरकं बसतं.

तपासणी

इंजिन बंद ठेवून चारही गिअर आणि रिव्हर्स, प्रत्येकी दहा वेळा. दांडा प्रत्येक गिअरला पूर्ण जायला हवा, आणि गिअर पूर्ण बसल्यावरही दांड्याला थोडी जागा उरायला हवी. गिअर पुरता बसायच्या आधीच दांडा डॅशबोर्डला किंवा तुमच्या गुडघ्याला टेकत असेल, तर तो गिअर चढावर सटकणार. रॉडची लांबी परत बघा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून रॉड कशाला घासत नाहीत ना तेही पाहा.

मग बॅटरी जोडा, पाचरी तशाच ठेवून इंजिन सुरू करा, क्लच दाबून पुन्हा सगळे गिअर. त्यानंतर रस्ता. पहिल्यांदा गल्ली, मग एखादा छोटा चढ. सेकंडमध्ये चढताना ॲक्सिलरेटर सोडा, पुन्हा दाबा. दांडा हातात उडी मारत नसेल तर जमलं.

२०० किलोमीटर झाले की लॉकनट आणि स्प्लिट पिन एकदा हाताने चाचपा. नायलॉन घातलं असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यात सकाळी सकाळी दांडा जड लागतोय का बघा. लागला तर सांधा सोडवून बुशाच्या आतून बारीक पॉलिश पेपर एक-दोनदा फिरवा. तेवढं पुरतं.